वाढत्या कॉलेज टाउनला महामार्गाचा जास्त पैसा मिळावा का?

अमेरिकेत महामार्गांसाठी केंद्र सरकारनं किती पैसा द्यायचा, हे ठरवणारा कायदा ठरावीक वर्षांपुरताच असतो. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सही झालेल्या कायद्यानं ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतची सोय केली. अशी मुदत संपत आली की राज्यं, शहरं आणि गावं आपापल्या मागण्या घेऊन पुढे येतात. त्यात कॉलेज टाउन म्हणवणाऱ्या गावांचा आवाज हमखास असतो: आम्ही इतक्या वेगानं वाढलो, रस्ता मात्र आजोबांच्या काळातलाच राहिला, आम्हाला जास्त पैसा द्या.

ही मागणी रास्त आहे का? माझं मत आधीच सांगतो. या गावांची मोजणी नीट व्हायला हवी, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण नीट मोजणी झाल्यावर जो पैसा हाती येईल, तो महामार्ग रुंद करण्यात घालावा असं मात्र त्यातून आपोआप ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि चर्चेत नेहमी त्यांची गल्लत होते.

कॉलेज टाउन म्हणजे कोणतं गाव?

ज्या गावाची ओळख, रोजगार आणि वर्षाचं वेळापत्रक एका विद्यापीठाभोवती फिरतं, ते कॉलेज टाउन. टेक्ससमधलं कॉलेज स्टेशन हे याचं ठळक उदाहरण. इथे कॉलेज आधी आलं, कॉलेजसाठी रेल्वेचा थांबा आला, आणि थांब्याचंच नाव पुढे गावाला पडलं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं हे गाव. २००० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६७,८९० होती. २०१० मध्ये ती ९३,८५७ झाली आणि २०२० मध्ये १,२०,५११. वीस वर्षांत जवळपास पावणेदोन पट.

एवढ्या मोठ्या गावातून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही. आंतरराज्य महामार्ग म्हणजे सिग्नल नसलेला, ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा, देशभर जोडलेल्या जाळ्यातला रस्ता. कॉलेज स्टेशनचा सगळा भार आहे तो राज्य महामार्ग ६ वर. हा रस्ता पूर्वी गावाच्या मधून जायचा. आज त्याला टेक्सस अव्हेन्यू म्हणतात. गर्दी वाढली तेव्हा गावाच्या पूर्वेकडून बायपास काढला. मग गाव बायपासपर्यंत पोचलं, त्याला ओलांडून पलीकडे गेलं, आणि बायपास गावाचाच रस्ता झाला. आज ह्यूस्टन आणि वेको यांच्यामधला ट्रक आणि दोन मैलांवरच्या वर्गात निघालेली विद्यार्थिनी एकाच लेनमध्ये एकमेकांच्या मागे असतात. वाढत्या गावांचं दुखणं मला या एका रस्त्यात पूर्ण दिसतं. लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या रस्त्यावर जवळची कामं येऊन बसतात.

पैसा येतो कुठून?

एका मोठ्या कुटुंबाचा सामाईक डबा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत कुठेही गाडीत पेट्रोल भरलं की प्रत्येक गॅलनमागे १८.४ सेंट केंद्राला जातात आणि ते जवळजवळ सगळे या डब्यात पडतात. हा डबा म्हणजे १९५६ साली स्थापन झालेला महामार्ग निधी. त्यातून राज्यांना वाटा मिळतो. आंतरराज्य महामार्गाच्या कामात साधारणपणे ९० टक्के खर्च केंद्राचा, इतर बहुतेक कामांत ८० टक्के. उरलेला राज्यानं किंवा गावानं उभा करायचा.

डब्याला दोन भोकं पडली आहेत. पहिलं म्हणजे १८.४ सेंटचा दर १९९३ पासून बदललेलाच नाही. महागाई धरली तर त्याची किंमत आज निम्म्याहून कमी उरली आहे. दुसरं, गाड्या कमी पेट्रोलमध्ये जास्त चालू लागल्या आणि विजेवरची गाडी तर हा कर भरतच नाही. त्यामुळे २००८ पासून सरकारला सर्वसाधारण तिजोरीतून यात भर घालावी लागते. २०२१ च्या कायद्यानं एकदम ११८ अब्ज डॉलर त्यात ओतले. म्हणजे "आम्ही पेट्रोलवर कर भरतो, आमचा रस्ता आम्हाला द्या" हा युक्तिवाद आता पुरता खरा राहिलेला नाही. रस्त्यांचा बराच पैसा सर्वांच्या खिशातून येतो, गाडी न चालवणाऱ्यांच्याही.

वाढलेल्या गावाकडे पैसा आपोआप का जात नाही?

लोक वाढले तर वाटा वाढेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि का होत नाही हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं कोडं वाटतं.

पुन्हा त्या कुटुंबाकडे जाऊ. चार भावांचा वाटा ठरवताना घरात किती माणसं आहेत हे विचारलं जात नाही; मागच्या वर्षी तुला किती मिळालं होतं, एवढंच विचारलं जातं. एका भावाच्या घरात चाराची सात माणसं झाली तरी त्याच्या वाट्याचं प्रमाण तेच. राज्यांच्या बाबतीत जवळपास हेच घडतं. २०२१ च्या कायद्यानं आधीच्या वाटणीचं प्रमाण धरलं, त्या कायद्यानं त्याच्या आधीचं, आणि असं मागे मागे जात आपण २००९ मध्ये मुदत संपलेल्या कायद्याच्या वाटणीपाशी पोचतो. राज्यानं पेट्रोलकरातून जेवढं घातलं त्याच्या किमान ९५ टक्के परत मिळावेत अशी एक हमी आहे, तेवढाच काय तो आधार. २०१० ते २०२० या दहा वर्षांत टेक्ससची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५१ लाखांवरून २ कोटी ९१ लाखांवर गेली. वाटणीचा पाया मात्र त्या आधीचाच.

राज्याच्या आत दुसरी वाटणी होते. केंद्राच्या निधीतला एक मोठा गट असा आहे की त्याचा ५५ टक्के भाग राज्याच्या आत लोकसंख्येच्या गटांप्रमाणे खर्च करावा लागतो. इथे २ लाख ही जादूची रेषा आहे. सलग वस्तीचा पट्टा २ लाखांवर असेल तर त्याला स्वतःच्या नावचा वाटा मिळतो आणि कोणती कामं घ्यायची हे त्या भागाची नियोजन संस्था ठरवते. तो ५० हजार ते २ लाखांच्या मध्ये असेल तर त्या गटासाठी पैसा असतो, पण कोणत्या गावाला किती द्यायचे हे राज्य ठरवतं. बहुतेक कॉलेज टाउन याच मधल्या पट्टीत असतात. वाढतात पण रेषेपर्यंत पोचत नाहीत, आणि राज्याच्या राजधानीच्या दारात उभी राहतात.

एक डोकं कुठे मोजायचं?

कॉलेज स्टेशन आणि त्याला चिकटलेलं ब्रायन मिळून २०१० मध्ये १,७१,३४५ लोक होते. २०२० मध्ये २,०६,१३७. रेषा ओलांडली, आणि ती अवघ्या ६,१३७ माणसांनी.

त्या वेळी टेक्सस ए अँड एमच्या या कॅम्पसवर ६५ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. त्यातले दहा टक्के जरी मोजायचे राहिले असते तरी हा भाग रेषेच्या खाली राहिला असता, आणि पुढची दहा वर्षं तशीच गेली असती, कारण जनगणना दर दहा वर्षांनी होते.

ही भीती नुसती कागदावरची नाही. जनगणनेचा नियम असा की विद्यार्थी वर्षातला बहुतेक काळ जिथे राहतो आणि झोपतो तिथे त्याला मोजायचं, आईवडिलांच्या घरी नव्हे. २०२० ची मोजणी १ एप्रिलची स्थिती धरून होती, आणि मार्चमध्येच कोविडमुळे कॅम्पस रिकामे झाले होते. वसतिगृहांची यादी विद्यापीठाकडे होती. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र स्वतः अर्ज भरायचा होता, आणि ते तर गावी परतलेले. आपले विद्यार्थी निसटले, अशी तक्रार अनेक कॉलेज टाउनच्या महापौरांनी तेव्हा केली. अशा गावांचा हक्क म्हणतो तो हाच. जी माणसं तिथे राहतात, तिथला रस्ता झिजवतात, तिथे अपघातात सापडतात, ती तिथल्या आकड्यात दिसलीच पाहिजेत.

रेषा ओलांडण्यात तोटाही असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. २ लाखांच्या वर गेलं की केंद्राचा बसनिधी चालकांचे पगार, इंधन अशा रोजच्या खर्चाला वापरण्यावर मर्यादा येतात. छोटा ताफा असलेल्या सेवांना थोडी सवलत आहे. पण ज्या गावात निम्मे प्रवासी विद्यार्थी असू शकतात तिथे बस कमी होणं म्हणजे गाड्या वाढणं.

सरासरीत गर्दी हरवते का?

रस्त्याची गरज मोजताना वर्षभराची वाहनं मोजून ३६५ नी भागतात. ही रोजची सरासरी. कॉलेज टाउनचं वर्ष सपाट नसतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम येतात, मे महिन्यात एकदम जातात, उन्हाळ्यात रस्ते मोकळे. त्यात अमेरिकन फुटबॉल. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात २०२० मध्ये ४०,५०१ माणसं होती. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियमची आसनक्षमता सुमारे १ लाख ६ हजार. सामन्याच्या शनिवारी गावाच्या अडीच पट माणसं एका इमारतीत बसलेली असतात.

म्हणून गावकरी म्हणतात, सामन्याच्या दिवशी येऊन आमचा रस्ता बघा. इथे मी त्यांच्या बाजूनं नाही. अभियंते रस्त्याची रुंदी ठरवताना वर्षातले ८,७६० तास गर्दीप्रमाणे उतरत्या क्रमानं लावतात आणि बहुधा तिसाव्या क्रमांकाच्या तासाला पुरेल असा रस्ता आखतात. पहिले २९ तास कोंडी होणार हे गृहीत धरलेलं असतं. घरी वर्षातून चार वेळा पंचवीस पाहुणे येतात म्हणून आपण पंचवीस खोल्या बांधत नाही, सतरंज्या टाकतो. हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात. प्रत्येक सामन्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास धरले तरी ही गर्दी जवळपास त्या २९ तासांतच मावते. तिथे सतरंज्या म्हणजे जादा बस, बाहेरच्या वाहनतळांची सोय, काही तासांसाठी दिशा बदललेल्या लेन.

खरी अडचण सामन्यांची नाहीच. अडचण आहे मंगळवार सकाळची. सेमिस्टर चालू असताना आठवड्याचे पाचही दिवस, वर्ग सुरू होण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा तास. हे तास वर्षात शेकड्यांनी येतात, आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या आठवड्यांमुळे सरासरीत पातळ होऊन जातात. गावानं निधी मागताना शनिवारची छायाचित्रं न दाखवता सेमिस्टरमधल्या मंगळवारची मोजणी पुढे ठेवावी. ती जास्त बळकट आहे.

"विद्यापीठ कर भरत नाही, मग बाकीच्यांनी का भरावं?"

हा आक्षेप खरा आहे, अर्धा. विद्यापीठाच्या जमिनीवर बहुतांशी मालमत्ता कर नसतो. गावातली मोठी, मोक्याची जागा कराबाहेर, आणि तिच्याकडे येणारी वाहतूक मात्र सगळ्यांच्या डोक्यावर. काही विद्यापीठं कराऐवजी स्वेच्छेनं रक्कम देतात. येल विद्यापीठानं न्यू हेवन शहराला सहा वर्षांत सुमारे १३.५ कोटी डॉलर द्यायचं २०२१ मध्ये कबूल केलं. विद्यार्थ्यांच्या गाड्यांची नोंदणीही पुष्कळदा आईवडिलांच्या राज्यात असते, त्यामुळे ते शुल्क तिकडेच जातं.

पण मालमत्ता करातून गल्लीबोळ आणि शहराचे रस्ते होतात, महामार्ग क्वचितच. म्हणजे या आक्षेपाचं बोट चुकीच्या रस्त्याकडे आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र मला पटतो. विद्यापीठ किती विद्यार्थी घ्यायचे हे स्वतः ठरवतं, आणि त्या निर्णयाचं रस्त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर निघतं. विद्यार्थिसंख्या ही पावसासारखी वरून पडत नाही. खुद्द टेक्सस ए अँड एमनं २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांची वाढ काही काळ रोखायचं ठरवलं, कारण वर्गखोल्यांपासून बसपर्यंत सगळंच अपुरं पडत होतं. वाढ थांबवता येते, तर ती आधी जाहीरही करता येते. निधी मागणाऱ्या अर्जाला विद्यापीठानं पुढच्या दहा वर्षांच्या विद्यार्थिसंख्येचा लेखी अंदाज जोडावा आणि खर्चाचा काही भाग स्वतः उचलावा, अशी अट राज्यानं घातली तर मी तिचं स्वागत करीन.

"रस्ता रुंद केला की पुन्हा भरतोच!"

दुकानात दोन रांगा आहेत आणि तिसरा गल्ला उघडला. क्षणभर मोकळं वाटतं. मग नंतर येऊ म्हणून परत गेलेले लोक येतात, शेजारच्या दुकानातलेही येतात, आणि तीनही रांगा पूर्वीइतक्याच लांब होतात. याला प्रेरित मागणी म्हणतात. २०११ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासून दाखवलं की आंतरराज्य महामार्गांची लेन-लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढते, साधारण तेवढ्याच टक्क्यांनी त्यांवरचा गाड्यांचा प्रवास वाढतो. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करून झाला. बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी त्याला २६ लेन आहेत. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास तिथे पुन्हा लांबला.

कॉलेज टाउनबद्दल कुणी म्हणेल की इथली गर्दी रस्त्यानं येत नाही, विद्यापीठानं येते. रस्ता अरुंद ठेवला म्हणून प्रवेश कमी होणार नाहीत. बरोबर आहे. पण विद्यार्थी राहतील कुठे, हे रस्ता ठरवतो. महामार्ग रुंद झाला की बिल्डर दहा मैलांवरची स्वस्त जमीन घेतो, तिथे चारशे विद्यार्थ्यांची वसाहत उठते आणि त्या प्रत्येकाला गाडी लागते. तोच पैसा कॅम्पसजवळ उंच इमारती, पदपथ आणि बस यांना पूरक कामांत गेला तर तीच मुलं चालत येतात. विद्यार्थी किती हे विद्यापीठ ठरवतं, गाड्या किती हे बऱ्याच अंशी रस्ता ठरवतो.

आणि नव्या लेनचा खर्च बांधून संपत नाही. तिची डागडुजी कायमची अंगावर येते, पुढे कधी विद्यार्थी घटले तरी.

"लहान, आटत चाललेल्या गावांचं काय?"

हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. ज्या गावातून तरुण निघून गेले तिथला पूलही कुणाला तरी दवाखान्यात पोचवतो. फक्त वाढीमागे पैसा धावला तर तो पूल पडेपर्यंत तसाच राहील. म्हणून वाटणीत एक तळ सगळ्यांसाठी पक्का असला पाहिजे: पूल, धोकादायक वळणं, खचलेले रस्ते. वाढत्या गावाची मागणी या तळाच्या वर सुरू होते.

आजवर कुणाला कसं मिळालं?

मिसुरीतलं कोलंबिया हे विद्यापीठाचं गाव आंतरराज्य महामार्ग ७० वर आहे. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं हा रस्ता दोन्ही बाजूंना तीन-तीन लेनचा करायला २.८ अब्ज डॉलर मंजूर केले आणि पहिलं काम कोलंबियाच्या पूर्वेकडच्या टप्प्यात निघालं. पण हे पैसे विद्यापीठासाठी आले नाहीत. हा रस्ता कॅन्सस सिटी आणि सेंट लुईस यांना जोडतो, म्हणून आले. दोन मोठ्या शहरांच्या मधल्या रेषेवर असणं हे गावाचं नशीब. वाढीचा वेग त्यापुढे फिका पडतो.

इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला आंतरराज्य महामार्ग ६९ मिळाला, पण तिथल्या अनेकांना तो नकोच होता. जंगल, शेतं आणि गावाचा स्वभाव यांसाठी वर्षानुवर्षं विरोध झाला. ब्लूमिंग्टनच्या उत्तरेकडचा टप्पा खासगी भागीदारीत घेतला, तो रखडला, २०१७ मध्ये राज्यानं हातात घेतला आणि २०१८ मध्ये पूर्ण केला. इंडियानापोलिसपर्यंतचा मार्ग २०२४ मध्ये पुरा झाला.

मला सर्वांत आवडते ती बोल्डरची गोष्ट. कोलोरॅडो विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉडरिक डाउनिंग यांनी डेन्व्हरपर्यंत थेट रस्ता हवा असा अनेक वर्षं आग्रह धरला आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्या मार्गाच्या अभ्यासाला लावलं. जानेवारी १९५२ मध्ये तो टोलरस्ता म्हणून सुरू झाला. कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं आणि १९६७ मध्ये टोल बंद झाला. पुढे तोही भरला. तेव्हा नुसत्या लेन वाढवल्या नाहीत. जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्या, बस आणि टोल देणारे यांच्यासाठी वेगळी लेन केली, शेजारून सायकलमार्ग काढला, आणि २०१६ मध्ये जलद बससेवा सुरू केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिलमध्ये विद्यापीठ, हे गाव आणि शेजारचं गाव मिळून बसचा खर्च उचलतात आणि २००२ पासून तिथे तिकीटच नाही.

कॉलेज स्टेशननं काय मागावं असं मला विचारलं तर क्रम असा लावीन: आधी महामार्ग ६ वरचे चढण्या-उतरण्याचे धोकादायक सांधे सुधारा, मग गावातल्या गावात जाणाऱ्यांना महामार्गावर चढावंच लागू नये असे समांतर रस्ते आणि बस द्या, आणि लेन त्यानंतर. तिथे सहा लेनचं काम हाती घेतलेलं आहेच. त्यामुळे समांतर रस्त्यांचा आग्रह आताच धरायला हवा.

आणि पुढची जनगणना आहे १ एप्रिल २०३० ला. त्या दिवशी भाड्याच्या एका घरात चार विद्यार्थी असतील. एक जण अर्ज भरेल आणि फक्त स्वतःचं नाव लिहील, कारण बाकीच्या तिघांना वाटत असेल की आईनं आपलं नाव घरच्या अर्जात घातलंच आहे. त्या दाराशी गावाचा आणि विद्यापीठाचा माणूस मार्चमध्येच जाऊन यायला हवा.